चोपन्न पास, पंच्याऐंशी नापास

आपल्या शाळेत ३५ ला पास होतं. ३३ वर अडकलेल्या मुलाला बाई कुठून तरी दोन गुण शोधून द्यायच्या, हे सगळ्या बॅचना ठाऊक आहे. ८५ मिळाले तर घरी पेढे यायचे. म्हणून ५३.६ मिळवणारा पास झाला आणि ८५.४ मिळवणारा नापास, असं सांगितलं तर आपल्यापैकी कुणीही आधी पेपर तपासणाऱ्यावरच संशय घेईल.

हे आकडे दोन लसींच्या चाचण्यांचे आहेत. एक चाचणी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत झाली. दुसरी दिल्ली, वेल्लोर आणि पुणे अशा तीन ठिकाणी झाली. दोन्हींत पुण्याच्या केईएम रुग्णालयातले बालरोगतज्ज्ञ डॉ. आशिष बावडेकर प्रमुख संशोधकांपैकी एक होते. स्मरणिका समितीने मला 'संगणकाशी संबंधित काहीतरी' लिहायला सांगितलं होतं. मी गेली वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिते, म्हणजे खरं तर निम्मा वेळ ते तपासते. चाचणी कशी घ्यायची आणि निकाल आवडला नाही तर काय करायचं, हे मला या दोन चाचण्यांइतकं स्पष्ट दुसऱ्या कशात दिसलं नाही. म्हणून संगणक बाजूला ठेवून त्यांचा इतिहास लिहिते.

केईएम म्हटलं की आपल्या ठाण्याच्या माणसाच्या डोळ्यांपुढे परळ येतं. हे ते नव्हे. हे पुण्यात रास्ता पेठेत आहे. १९४४ मध्ये डॉ. बानू कोयाजी तिथे रुजू झाल्या, तेव्हा ते चाळीस खाटांचं छोटं प्रसूतिगृह होतं. त्यांनी त्याचं मोठं रुग्णालय केलं. पुढे सत्तरच्या दशकात त्या शहराबाहेर पडल्या आणि शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला त्यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. संभाजी महाराजांच्या समाधीमुळे आपल्याला ठाऊक असलेलं तेच वढू. गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण द्यायचं आणि घरोघर जाऊन कोण जन्मलं, कोण आजारी पडलं, कोण गेलं याची नोंद ठेवायची, ही पद्धत तिथे रुजली. १९९३ मध्ये कोयाजींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. लसीच्या चाचणीला सगळ्यात आधी लागते ती ही नोंद आणि घरातल्या माणसांचा विश्वास. या दोन्ही गोष्टी वढूच्या परिसरात चाचण्यांच्या कितीतरी आधीपासून तयार होत होत्या.

याच रुग्णालयाच्या बालरोग विभागात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ऐंशीच्या दशकात लहान मुलांच्या यकृताच्या एका जीवघेण्या आजाराचा माग काढला. ब्रिटनच्या डॉ. टॅनर यांच्यासोबत केलेल्या त्या कामातून पितळी भांड्यात तापवलेल्या आणि ठेवलेल्या दुधाकडे बोट गेलं. कल्हई नसलेल्या भांड्यातलं तांबं दुधात उतरत होतं आणि बाळाच्या यकृतात साठत होतं. घरोघर स्टील आलं आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. कल्हईवाला कशासाठी यायचा, याचं आपल्या आज्यांनी कधीच न दिलेलं हे उत्तर आहे.

बावडेकर याच विभागातले. १९९९ मध्ये 'डायबेटिस' या नियतकालिकात त्यांचा एक निबंध आला. केईएममध्ये जन्मलेली ४७७ मुलं आठ वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली होती. जन्मतः वजन कमी आणि आठव्या वर्षी अंगाने मोठी, अशा मुलांमध्ये पुढच्या मधुमेहाची आणि हृदयविकाराची पूर्वचिन्हं सगळ्यात जास्त दिसली. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इतर सहकारी त्यात होते. विषय लसीचा नव्हता, पण सवय तीच होती. जन्माची नोंद आठ वर्षं जपून ठेवायची, मूल शोधून काढायचं आणि मोजायचं.

आता गोवराकडे वळू. याची गोष्टही एका शाळेतच सुरू होते.

१९५४ च्या सुरुवातीला अमेरिकेत बॉस्टनजवळच्या फे स्कूल या निवासी शाळेत गोवराची साथ आली. जॉन एंडर्स यांच्या प्रयोगशाळेतले तरुण डॉक्टर थॉमस पीबल्स तिथे गेले आणि आजारी मुलांच्या घशातला स्राव व रक्त घेऊन आले. त्यातल्या डेव्हिड एडमन्स्टन नावाच्या मुलाच्या नमुन्यातून गोवराचा विषाणू प्रयोगशाळेत वाढवता आला. त्याच विषाणूला पिढ्यान्‌पिढ्या पेशींवर वाढवून सौम्य केलं आणि १९६३ मध्ये अमेरिकेत पहिल्या गोवर लसीला परवानगी मिळाली. पुढे युगोस्लाव्हियातल्या झाग्रेबमध्ये त्या विषाणूचं आणखी एक रूप तयार झालं, एडमन्स्टन-झाग्रेब. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची गोवर लस याच वाणाची आहे. माजिवड्याच्या आरोग्य केंद्रात बाळाच्या दंडात जी लस जाते, तिची वंशावळ अशी एका वसतिगृहातल्या आजारी मुलापर्यंत पोहोचते.

आपल्या देशात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला आणि गोवराची लस त्यात आली. माझ्या आगेमागच्या बॅचमधल्या अनेकांना ती मिळालीच नाही. आपल्याला गोवर 'आला', घरात कडुलिंबाचा पाला आला, आणि बहुतेक जण बरे झालो. जे झाले नाहीत, ते आपल्या वर्गात कधी बसलेच नाहीत. त्यामुळे गोवर हा साधा आजार आहे, अशी आपली समजूत झाली. प्रत्यक्षात गोवरामुळे न्यूमोनिया होतो, क्वचित मेंदूला सूज येते, आणि इतर आजारांविरुद्ध शरीराने कमावलेली ताकदही काही काळ पुसली जाते.

लस होती, पण ती सुईने द्यावी लागे. सुई म्हटलं की प्रशिक्षित हात हवेत, निर्जंतुक सिरिंज हवी, वापरलेल्या सुईची विल्हेवाट हवी. मोठ्या मोहिमेत हे सगळं लाखांच्या हिशोबात लागतं. पोलिओचे थेंब देणारे अल्बर्ट साबिन यांनाच यावर उपाय सुचला. गोवराचा विषाणू श्वासावाटे शरीरात शिरतो, मग लसही श्वासावाटे का देऊ नये? ऐंशीच्या दशकात त्यांनी मेक्सिकोतल्या सहकाऱ्यांबरोबर हे करून पाहिलं. दम्याच्या माणसाला वाफारा देतात तसं यंत्र, तोंडावर मास्क आणि लसीचं बारीक धुकं. मेक्सिकोत त्या दशकाच्या शेवटी तीसेक लाखांहून अधिक शाळकरी मुलांना अशी लस दिली गेली आणि निकाल चांगले आले. मात्र ती मुलं मोठी होती. नऊ महिन्यांच्या बाळाला पहिला डोस असा देता येईल का, हा प्रश्न राहिला. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ पासून या प्रश्नासाठी प्रकल्प चालवला, आणि निर्णायक चाचणी झाली पुणे जिल्ह्यात.

या चाचणीत ९ ते १२ महिन्यांच्या आतली २००४ बाळं घेतली. १००१ बाळांना धुक्यातून लस, १००३ बाळांना नेहमीप्रमाणे सुईने. कुठल्या बाळाला काय, हे ना डॉक्टरांनी ठरवलं ना आईने. ते यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. लस दोन्हीकडे सीरमचीच. ९१ दिवसांनी रक्त तपासून गोवराविरुद्धची प्रतिपिंडं तयार झाली का, ते पाहायचं होतं. बाळं हाती येण्याआधीच एक नियम कागदावर लिहिलेला होता: धुक्याची लस सुईपेक्षा जास्तीत जास्त ५ टक्के गुणांनी मागे राहिली तरी चालेल, त्याहून जास्त नाही.

निकाल एप्रिल २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. लेखकांत स्वित्झर्लंडच्या निकोला लो, मग बावडेकर, वेल्लोरचे संख्याशास्त्रज्ञ जयसीलन आणि वढूच्या कामातले डॉ. सिद्धिविनायक हिरवे. धुक्याच्या गटात ७७५ पैकी ६६२ बाळांमध्ये प्रतिपिंडं सापडली, म्हणजे ८५.४ टक्के. सुईच्या गटात ७८५ पैकी ७४३, म्हणजे ९४.६ टक्के. फरक ९.२. लस सुरक्षित होती, मुलं रडली कमी असतील, साबिन यांचं नाव पाठीशी होतं, दहा-बारा वर्षांचे कष्ट आणि पैसा लागलेला होता. तरी निष्कर्ष एका ओळीचा होता: धुक्यातून दिलेली लस चालली, पण सुईच्या बरोबरीची ठरली नाही.

ज्यांनी वरचे आकडे नीट वाचले, त्यांना प्रश्न पडला असेल. २००४ बाळं घेतली, मग हिशोबात ७७५ आणि ७८५ च का? याचंही उत्तर त्याच निबंधात, अगदी सारांशातच दिलेलं आहे. १९५६ बाळांचा ९१ दिवसांपर्यंत पाठपुरावा झाला, पण ३३१ बाळांची माहिती मिळू शकली नाही, कारण गोठवून ठेवलेले नमुने वितळले. माझ्या कामात आम्ही अशा गोष्टींना 'डेटा लॉस' म्हणतो, आणि अहवालात त्या शक्य तितक्या मागच्या पानावर कशा जातील, याची काळजी घेणारे लोक मी पाहिले आहेत. इथे ती गोष्ट पहिल्या पानावर आहे. बाळाच्या दंडातून काढलेलं रक्त वाया गेलं, हे ज्यांनी ते काढलं त्यांनीच जगाला सांगितलं.

८५ ला नापास का, हे आता वर्गाच्या भाषेत मांडते. आपला वर्ग पन्नास जणांचा. सगळ्यांना सुईने एक डोस दिला, तर सरासरी तिघे उघडे राहतात. धुक्याने दिला, तर सात. गोवराचा एक रुग्ण लस नसलेल्या वस्तीत १२ ते १८ जणांना आजार देतो. एवढा वेगवान आजार थांबवायचा, तर शंभरातले ९२ ते ९४ जण सुरक्षित असावे लागतात. तीन उघडे असले तर साथ त्यांच्यापर्यंत पोहोचायला अडखळते, सात असले तर तिला रस्ता मिळतो. देशात वर्षाला सुमारे अडीच कोटी बाळं जन्मत होती. त्यांचे ९.२ टक्के म्हणजे जवळजवळ २३ लाख. सोयीसाठी दर वर्षी एवढी जास्तीची मुलं उघडी ठेवायची का, असा तो प्रश्न होता.

आता चोपन्न वाल्याकडे येऊ.

रोटाव्हायरस हा लहान बाळांच्या तीव्र जुलाबांचं मोठं कारण. १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नला रूथ बिशप आणि सहकाऱ्यांनी तो आजारी मुलांच्या आतड्यात पाहिला. भारतात या विषाणूने वर्षाला पाच वर्षांखालची सुमारे ७८ हजार मुलं दगावत होती, असा अंदाज होता. १९८५ च्या सुमारास दिल्लीच्या 'एम्स'मध्ये डॉ. महाराजकिशन भान यांना एक विचित्र गोष्ट दिसली. नवजात बाळांच्या कक्षात रोटाव्हायरस पसरला होता, पण बाळांना जुलाब नव्हते. एवढंच नाही, त्या बाळांना पुढे तीव्र आजारापासून संरक्षण मिळालं. त्या सौम्य विषाणूला ११६ई असं नाव पडलं. त्याची लस व्हायला जवळपास तीस वर्षं लागली. सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग, हैदराबादची भारत बायोटेक आणि परदेशी संस्था यांनी ते काम मिळून केलं.

निर्णायक चाचणी २०११ मध्ये सुरू झाली. तीन ठिकाणची मिळून ६७९९ बाळं. ४५३२ बाळांना लस, २२६७ बाळांना लसीसारखेच दिसणारे, पण लस नसलेले थेंब. ६, १० आणि १४ आठवड्यांना डोस. पुण्याची बाजू बावडेकरांकडे होती. लस घेतलेल्या गटात रोटाव्हायरसच्या तीव्र जुलाबाच्या ७१ घटना झाल्या, आणि निम्म्या आकाराच्या दुसऱ्या गटात ७६. परिणामकारकता ५३.६ टक्के.

या चाचणीवर एक आक्षेप आला, आणि तो फालतू नव्हता. त्या वेळी परदेशी कंपन्यांच्या रोटा लसी आपल्याकडे खाजगी दवाखान्यांत मिळत होत्या. मग दोन हजारांवर बाळांना नुसते थेंब का दिले? चाचणीच्या बाजूने उत्तर असं होतं की त्या लसी सरकारी कार्यक्रमात नव्हत्या, त्या घराघरांना त्या परवडणाऱ्या नव्हत्या, आणि आपल्याकडच्या बाळांत त्या किती चालतात, हे ठरलेलं नव्हतं. आफ्रिकेतल्या मलावीत अशाच एका परदेशी लसीची परिणामकारकता ४९ टक्के आली होती, जरी श्रीमंत देशांत ती त्याहून खूप जास्त होती. हे उत्तर मला पटतं. पण वढूच्या ज्या आईने तीनात एक शक्यता मान्य करून सही केली, तिचं देणं या उत्तराने फिटत नाही, असंही वाटतं.

चोपन्नला पास का, तर तिथे शेजारच्या बाकावर कुणीच नव्हतं. गरीब घरातल्या बाळासाठी सरकारी दवाखान्यात रोटाची कुठलीच लस नव्हती. शून्याशी तुलना केली तर चोपन्न म्हणजे निम्म्याहून जास्त तीव्र आजार टळला. धुक्याच्या गोवर लसीच्या शेजारी मात्र चौऱ्याण्णव गुणांची सुई बसलेली होती. त्यामुळे लसीचा आकडा ऐकला की 'किती?' याच्या पाठोपाठ 'कशाच्या तुलनेत?' हेही विचारायला हवं. आणि तुलना कशाशी, मर्यादा कोणती, हे पेपर तपासण्याआधी ठरलेलं असायला हवं. निकाल पाहून मर्यादा ठरवली, तर जगात कुणीच नापास होणार नाही.

मार्च २०१६ मध्ये रोटाची लस चार राज्यांच्या सरकारी कार्यक्रमात आली, आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रातही. आपल्या भाचरांना, नातवंडांना हे थेंब आता आरोग्य केंद्रात फुकट मिळतात.

धुक्याच्या लसीचं काम तिथे थांबलं, पण सुई टाळण्याचा प्रश्न थांबला नाही. बावडेकर आणि सहकाऱ्यांनी गोवर-गालगुंड-रुबेलाची लस सुई नसलेल्या यंत्राने, म्हणजे द्रवाच्या बारीक वेगवान धारेने त्वचेखाली देऊन पाहिली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत ती सुईच्या तोडीची ठरली. २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये गांबियातली एक छोटी चाचणी आली. तिथे गोवर-रुबेलाची लस चिकटपट्टीसारख्या तुकड्यातून दिली, आणि बाळांमधले निकाल सुईच्या जवळपास होते. मोठी चाचणी झाल्याशिवाय तिला पास म्हणता येणार नाही. पण या माणसांना एक रस्ता बंद आहे हे आधीच ठाऊक होतं, कारण पुण्याच्या चाचणीचं 'नाही' छापून ठेवलेलं होतं.

हे सगळं आपल्या गल्लीपर्यंत येतं. २७ नोव्हेंबर २०१८ ला महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी, शाळाशाळांतून. तेव्हा आमच्या बॅचच्या ग्रुपवर रोज एक नवी भीती यायची. एकाने लिहिलं होतं, लस शंभर टक्के नसेल तर घ्यायचीच कशाला? मुलं आपलीच होती, त्यामुळे प्रश्न चिडून टाकून देण्यासारखा नव्हता. मग २०२२ च्या ऑक्टोबरपासून मुंबईत गोवंडीला गोवर पसरला, भिवंडीत आणि मालेगावात पसरला, ठाण्यातही रुग्ण सापडले. मुलं गेली. साथीच्या भागांत ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर जादा डोस द्यावे लागले. कोविडच्या काळात ज्यांचे डोस राहून गेले होते, ती मुलं आता उघडी पडली होती. माजिवडा नाक्यापासून भिवंडी किती लांब आहे, हे कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या कुणालाही विचारा.

त्या मित्राला तेव्हा जे सविस्तर सांगायचं होतं, ते आता इथे सांगते. शंभर टक्के असल्याचं कुणीच म्हटलेलं नाही. सुईने दिलेल्या एका डोसाचे ९४.६ टक्के आहेत, उरलेल्यांसाठी दुसरा डोस आहे. आणि या आकड्यावर मी विश्वास ठेवते, कारण ज्यांनी तो मोजला, त्यांनी त्याच कागदावर स्वतःच्या नव्या पद्धतीला नापास केलं आणि वितळलेल्या ३३१ नमुन्यांचा हिशोबही तिथेच लिहिला. ग्रुपवर ज्यांच्या घरी नऊ महिन्यांच्या पुढचं बाळ आहे, त्यांनी आज कार्ड काढून बघा. दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत असतो, आणि तोच जास्त वेळा राहून जातो.